हौदातली सील आणि चिलरवाले चाचा

भिंतीवर मीटर होता, तरी चाचा बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर हौदात बुडवायचे आणि म्हणायचे, "थंडी वेगळी, बरफ वेगळा."

चाचा रत्नागिरीचे, चिलर मेकॅनिक. फुटबॉल वर्ल्ड कपच्या पाहुण्यांना दाखवायला इथे आखातात, अल वक्राकडच्या एका हॉलमध्ये आर्क्टिकची रिंग्ड सील आणली होती. तिचं पाणी गार ठेवणं हे त्यांचं काम. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी याविरुद्ध काढलेल्या पत्रकात निर्लज्जपणा म्हटलं होतं. माझे बाबा तिथेच इंजिनिअर, म्हणून मला आत जाता यायचं.

सील गाभण होती. ही जात समुद्रावर गोठलेल्या बर्फाला नखांनी भोक पाडून श्वास घेते आणि त्यावर साचलेल्या हिमात बीळ कोरून आत पिल्लाला जन्म देते. इथे ती काँक्रीट उकरायची. नखं रक्ताळलेली.

माझं पत्रक अल मुंतझा वस्तीतल्या आपल्या मराठी लोकांनी न वाचता घडी घालून ठेवलं. पूर्ण वाचलं ते चाचांनी. "बाय, शिव्या लय आहेत. बिळाच्या चार ओळी तेवढ्या कामाच्या."

दुसऱ्या दिवसापासून ते मॉलमधल्या स्केटिंगच्या जागेवरून खरवडलेला बर्फाचा चुरा पिकअपमधून आणू लागले. काठावर ढीग करून फावड्याने थापायचे. "चेपल्याशिवाय छप्पर धरत नाही." चौथ्या दिवशी सील त्यात शिरली. चाचा उकिडवे बसून बघत राहिले. "माझ्या घरी चार बाळंतपणं झाली. एकालाही हजर नव्हतो."

मी फोटो काढला.

"छापू नकोस हां. आधी पिल्लू होऊ दे."

मला थांबणं भेकडपणा वाटला. पुढच्या पत्रकात छापला. चेहरा झाकला होता, पण बर्फ आणणारा माणूस तिथे एकच होता. आठवड्यात त्यांचा व्हिसा रद्द झाला. पाहुण्यांना सील दिसायला हवी म्हणून हॉलवाल्यांनी ढिगावर पाइपने पाणी मारलं.

विमानतळावरून त्यांचा फोन आला. मला वाटलं, रागावतील.

"बरफ कोण आणतंय?"

"आणतात, चाचा."

"इन्शाल्ला," म्हणाले आणि फोन ठेवला.

हॉल पाहुण्यांसाठी उघडल्यावर मी तिकीट काढून गेले. पिल्लू काँक्रीटवर झालं, दोन दिवस जगलं, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मी कोपर हौदात बुडवलं. पाणी गार होतं, मीटरचा आकडाही बरोबर. सील भिंत उकरत होती.