बायकोच्या फोनमधली जागा

फोन घेताना किती जागेचा घ्यावा, असं कोणी मला विचारलं की मी विषय बदलतो. कारण सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो आहे. बंदराजवळच्या एका कंपनीत माझी सगळी नोकरी स्टोअर सांभाळण्यात गेली, त्यामुळे गावात समज असा की जागेचा प्रश्न यालाच विचारावा. एके काळी मी उत्तर द्यायचोही. न विचारताही द्यायचो.

माझं उत्तर ठरलेलं होतं: जागा कमी पडत नाही, शिस्त कमी पडते. मोठं कपाट दिलं की माणूस मोठा कचरा साठवतो. म्हणून बायकोला पहिला स्मार्टफोन घ्यायची वेळ आली, तेव्हा नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने चौसष्ट जीबीचा पुढे केला आणि मी सोळाचा उचलला. काकींना पुरणार नाही, असं तो बिचारा म्हणत होता. मी त्याला रॅक कसे लावावेत यावर भाषण दिलं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांनीही ते ऐकून घेतलं. बायकोला फोनचा लाल रंग आवडला होता.

तिला फोन हवा होता तो धवल्यांसाठी. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. मांडव असो, हळद असो, देवांना आमंत्रण असो, तिने त्या त्या विधीचा धवला, म्हणजे गाणं, म्हटल्याशिवाय जुनी माणसं पुढे सरकू देत नाहीत. गावात हा मान माझ्या थोरल्या वहिनींचा. त्यांचे दात गेले, दम लागायला लागला, तेव्हा त्यांनी हा मान धाकट्या जावेला, म्हणजे माझ्या बायकोला द्यायचं ठरवलं. भावकीतल्या एका मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. तिथे बायकोने पहिल्यांदा धवलारीण म्हणून बसायचं होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती एखाद्या गोष्टीसाठी एवढी घाबरलेली आणि एवढी खूश मी पाहिली नव्हती. पण वहिनी एकदा सुरू झाल्या की थांबत नसत, आणि नुसतं ऐकून हिच्या लक्षात राहत नसे. म्हणून रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

वहिनींना ते पटेना. धवला मांडवात म्हणायचा, डबीसमोर नाही. शेवटी त्यांनी तोड काढली. पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर फोन, फोनला हळदकुंकू. हळदकुंकू नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर बसलं. बायकोने ते किती पुसलं तरी पुढे बरेच दिवस तिने काढलेल्या फोटोंत सगळी माणसं ताप आल्यासारखी दिसत. वहिनी दुपारी येत, पाटासमोर बसत आणि मध्येच थांबून जावेला विचारत, "ऐकतोय ना गो ह्यो? तोंड तं हालत न्हाय याचा." मी ओटीवर पेपर वाचत असायचो. खरं तर पेपर नुसता धरलेला असायचा.

अशा बऱ्याच दुपारी गेल्या. मग लग्नघरातून मुलाचा प्री-वेडिंग व्हिडिओ आला. माझ्या फोनवर तो उतरेना, कारण माझा फोन सुप्रभातने भरला होता. गुलाब, सूर्य, चहाचा कप, पुन्हा गुलाब. ती चित्रं मी काढून टाकली नव्हती, कारण प्रत्येकावर पाठवणाऱ्याने आपलं नाव घातलं होतं. स्टोअरचा नियम असा की चिठ्ठी असलेल्या मालाला मालक असतो. त्याला हात लावायचा नाही.

तो व्हिडिओ बायकोच्या फोनवर उतरवावा म्हणून मी तिचा फोन घेतला. ती विहिरीवर गेली होती. तिथेही जागा नव्हती. आत पाहिलं तर ओळीने फायली, नाव एकीलाही नाही, नुसते आकडे. उघडून बघावं असं मनात आलं नाही असं नाही. पण मी आयुष्यभर पेट्या उघडून बघणाऱ्या पोरांना ओरडत आलो होतो. पेटी उघडायची नसते, चिठ्ठी वाचायची असते. बिनचिठ्ठीचा माल भंगारात. मी सगळ्या फायली काढल्या. खरंच काढायच्या का, असं फोनने विचारलं, तेव्हा मला जरा रागच आला. मग त्याची कचरापेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

व्हिडिओ उतरला. किनाऱ्याच्या दोन टोकांकडून मुलगा आणि मुलगी गॉगल लावून एकमेकांकडे इतक्या हळू धावत होती की मी उठून चहा करून आणला, तरी त्यांची भेट झाली नव्हती.

संध्याकाळी बायको धवले ऐकायला बसली आणि तिने मला हाक मारली. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. तिला अजून काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर गेलो. मोबाइलवाल्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला की हे आपोआप जात नाही, कोणीतरी बसून काढलंय, कचराही रिकामा केलाय. मी काउंटरवरची कव्हरं बघू लागलो. बायकोने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मीच दाबलं असंल कायतरी," ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "होतं असं."

मला बोलायचं होतं ते दुसरंच. बाहेर हेच आलं.

वहिनींनी पुन्हा गायला साफ नकार दिला. एकदा हळद लागलेल्या फोनला पुन्हा हळद लावत नाहीत, म्हणाल्या. उरलेल्या दिवसांत त्यांनी जावेला शिव्या देत देत तोंडी शिकवलं. लग्नात बायको बसली, सुरुवातही छान झाली. देवांना बोलवायच्या धवल्यात मात्र खाडीकाठच्या शेतांतल्या एका देवाचं नाव तिच्याकडून राहून गेलं. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "खारीतल्या देवाला बाहेर कनाला ठेवलास गो? तो काय जेवायला येनार न्हाय?" अख्खा मांडव हसला. बायकोही पदर तोंडाला लावून हसली, आणि तिने सगळ्यांना सांगितलं की धवले आपल्याच हातून पुसले गेले, आपल्याला फोनातलं काही कळत नाही. मी जेवणाच्या पंगती बघायला निघून गेलो. पंगती बसायला अजून बराच अवकाश होता.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. काही धवले बायकोला येतात, काही येत नाहीत. जे येत नाहीत ते आता कोणालाच येत नाहीत. लग्नात ती अजून बसते, पण आधी सांगून ठेवते की माझ्याकडून चुका होतात.

मी नंतर तिला दोनशे छप्पन्न जीबीचा फोन आणला, न मागता. मोबाइलवाला रॅकबद्दल ऐकायला तयार असल्यासारखा उभा राहिला. त्या फोनमधलं ती स्वतः काहीही पुसत नाही. फोन भरायला लागला की माझ्या हातात देते. म्हणते, "तुम्हीच बघा. माझ्या हाताचा भरवसा न्हाय." मी चष्मा लावतो आणि एकेक फाईल शेवटपर्यंत ऐकतो, भाजीवाल्याच्या निरोपाची सुद्धा. तेव्हा जागा किती असावी याचं माझं आजचं उत्तर एवढंच: घरात माझ्यासारखा शिस्तीचा माणूस असेल, तर त्याला आवराआवर करायची पाळी येणार नाही इतकी.

मागच्या आठवड्यात ती अंगणात कोलंबी सोलत होती. शेजारच्या वाड्यावरचं एक लग्न जवळ आलंय, म्हणून ती गुणगुणत होती आणि एका ठिकाणी अडून पुन्हा मागे जात होती. मी शेजारी पाटावर बसलो. पाठ केलेलं बोलावं तसं बोललो, "ते धवले तुझ्या हातून गेले नव्हते."

तिने वर पाहिलं नाही. कोलंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं.

"किती वरसं झाली अवो," ती म्हणाली. "अजून माझी समजूत घालताय व्हय? तुम्ही कवा बोललात मला त्याच्यावरनं? एका शब्दानं न्हाय."

आणि तिने सोललेल्या कोलंबीचं ताट माझ्याकडे सरकवलं, धुऊन आणायला. मी ते घेऊन नळावर गेलो. "ते मी काढले, मला माफ कर," एवढंच म्हणायचं राहिलं होतं.