फिटरकाकांचं पांढरं फडकं

फिटरकाका इंजिन दातांनी ऐकत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. आमच्या रांझी वस्तीत सगळ्यांना ती त्यांची ऐट वाटे. मलाही. कारखान्यातून निवृत्त झालेला जुना फिटर, थोडी ऐट चालायचीच.

दुसरी ऐट म्हणजे पाठीमागून हाक मारली तर ओ देत नसत. "समोर ये, मग बोल," म्हणत. आम्ही मुकाट्याने समोर जायचो आणि माघारी त्यांना 'साहेब' म्हणायचो.

माझ्या एकुलत्या एका ट्रकचं इंजिन मंडल्याच्या रस्त्यावर पाणी संपून जाम झालं, तेव्हा मी त्यांनाच गाठलं. सोमवारपासून घाटापलीकडे रस्त्याच्या कामाची गिट्टी पोचवायचं काम मिळालं होतं. ट्रक हजर नसता तर ते दुसऱ्याकडे जाणार होतं. काकांनी इंजिन खोलून पाहिलं. "ब्लॉक शाबूत आहे. लाइनर-पिस्टन नवे टाकू, हेच उभं करू. बारा दिवस." बारा दिवस मी आणणार कुठून? घमापुरात एकाकडे मोडीतल्या ट्रकचं चालू इंजिन होतं, दोन दिवसांत बसलं असतं. मी काकांना तिथे जवळजवळ ओढतच नेलं.

दुकानदाराने इंजिन सुरू केलं. "मक्खन है भैया. तेल भी कल ही नया डाला है." आवाज खरोखर गोड होता. काकांनी दात लावले, डोळे मिटले आणि मान हलवली. नाही.

इंजिन बंद झालं. "काहून नाही, काका?" मी मागून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून एक जड लोखंडी झाकण फरशीवर आदळलं. आम्ही सगळे दचकलो, काका तेवढे हलले नाहीत.

या माणसाला ऐकूच येत नव्हतं, आणि त्याच्या शब्दावर मी हातचं काम सोडणार होतो! मला त्यांचा भयंकर राग आला. समोर जाऊन म्हणालो, "तुम्हाला ऐकू येत नाही, काका."

"आठ वर्षं झाली," ते माझ्या ओठांकडे बघत शांतपणे म्हणाले. "तुझ्या कानाला गोड लागून राहिलं, माझ्या दाताला खरखर लागते. भरला ट्रक घाट उतरताना इंजिन बंद पडलं, तर ब्रेकमध्ये उरलेली हवा किती वेळ पुरते? आत संतोष असतो."

संतोष माझा ड्रायव्हर. तरी मला पटलं होतं असं नाही.

"जल्दी बोलिए, दूसरा ग्राहक आ रहा है," दुकानदार म्हणाला. काकांनी खिशातून जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं काढलं आणि इंजिनातलं तेल त्यातून गाळायला लावलं. नव्या तेलात काय मिळणार, असं मला वाटलं. काकांनी फडकं उन्हात धरलं. त्यावर धातूचा चकचकीत चुरा होता. "बेअरिंग झडून राहिली," काका म्हणाले. दुकानदार मोबाइल बघू लागला.

गिट्टीचं काम गेलं. बारा दिवसांचे चौदा झाले आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलेना. पंधराव्या दिवशी आमचं जुनंच इंजिन सुरू झालं. काकांनी दात लावले, बराच वेळ लावून ठेवले, आणि मान डोलावली.

पुढे काका मुलाकडे पुण्याला गेले. फोनवर बोलायची सोयच नव्हती. म्हणून तेल बदललं की जुनं तेल गाळून मी व्हिडिओ कॉल करून फडकं दाखवायचो. ते चष्मा सरकवून नीट बघत आणि म्हणत, "चलो, जाऊ दे संतोषला." एवढंच आमचं बोलणं.

गेल्या महिन्यात फोन त्यांच्या सूनबाईंनी उचलला. काका चार दिवसांपूर्वी गेले होते. हातातलं फडकं मी तसंच कॅमेऱ्यासमोर धरून राहिलो.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तेल गाळलं होतं, वहिनी. स्वच्छ आहे. काकांना दाखवायचं होतं."

बाहेर संतोष गाडीत बसून वाट बघत होता. जाऊ दे म्हणायला आता कुणी नव्हतं. मी फडकं पुन्हा एकदा उन्हात धरून बघितलं आणि त्याला म्हणालो, "चलो, जा."