अण्णांची हनुवटी

आमच्या शेजारच्या काकू त्यांच्या नवऱ्याला, अण्णांना, मऊ भात भरवत होत्या आणि दर घासाला पदराने त्यांची हनुवटी पुसत होत्या. अण्णा एकेकाळचे नामी बॉक्सर. टाळ्या वाजवणारे कधीच घरी गेले, ठोसे मात्र डोक्यातच मुक्कामाला राहिले. भेटायला आलेले दोन जुने चाहते समोर बसून चिवडा खात हुज्जत घालत होते, त्या काळात मोठा कोण, अण्णा की त्यांचे ते नागपूरचे प्रतिस्पर्धी?

"त्या नागपूरकरांच्या बायकोचा फोन येत असतो," काकू म्हणाल्या, "त्यांनाही आता भरवावंच लागतं."

मग एकजण बोटांचं तेल पुसत म्हणाला, "म्हणजे बरोबरीत सुटलं म्हणायचं."

ते दोघे हसले म्हणून अण्णाही हसले, आणि काकूंनी पुन्हा त्यांची हनुवटी पुसली.