म्हशींच्या लाटा

साठ सालच्या सुमारास, मॅट्रिक झाल्यावर, वडिलांच्या ऑइल इंजिन दुरुस्तीच्या दुकानात मी अडकलो तो अडकलोच. समुद्राच्या लाटांवर वीज करता येते, असं एका मासिकात वाचलं आणि डोकं फिरलं. रॉकेलच्या डब्याला दांडा, दांड्याला सायकलची चेन आणि चेनीला डायनॅमो आणि डायनॅमोला बल्ब जोडून मी तो डबा पुसदजवळच्या तलावात सोडला. पाणी ढिम्म हलेना! दुपारी म्हशी डुंबायला उतरल्या, तेव्हा कुठे डबा वरखाली झाला आणि बल्ब मिणमिणला.

मी धावत दुकानात गेलो. "बाबा, मले मुंबईले जाऊ द्या. खऱ्या लाटांवर करून पाह्यतो."

त्यांनी इंजिनावरून नजरही उचलली नाही. "लाटाच पाह्यजेत ना तुले? म्हशी हायेत न इथं."

संध्याकाळी म्हशी तरी पाण्यातून निघून गेल्या. मी त्याच दुकानात म्हातारा झालो. समुद्र अजून पाहिलेला नाही.