कोपराचा कोन

"कोणत्या कोनात बसवायचा हात? घरी जाऊन नीट विचार करा. एकदा बसवला की पुन्हा हलणार नाही," डॉक्टर म्हणाले.

माझे पती उजवा हात उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते शिरूरच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, कामाला होते. खुटबावहून मोटरसायकलवर निघायचे, पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून पुढं. हिवाळ्यात पहिल्या पाळीला जाताना धुक्यात उसाची ट्रॉली उभी होती, ती त्यांना दिसलीच नाही. डोकं वाचलं, पाय वाचले. कोपराचा मात्र चुरा झाला. प्लेट बसवली, स्क्रू बसवले, आणि महिन्याभरात आतून पू यायला लागला. मग प्लेट काढली, हाडं धुतली, सडलेली टोकं कापली. शेवटी सगळं भरून आलं तेव्हा दंडाचं हाड आणि हाताची हाडं यांच्यात सांधा असा उरलाच नव्हता. हात खाली लोंबायचा, धक्का लागेल तिकडं वळायचा. गाडी खड्ड्यातून गेली की ते ओठ दाबून धरायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेला उघडमीट करणारा, हे फळ्यावर आकृती काढून सांगत आले होते. आता डॉक्टर सांगत होते की बिजागरीच काढून टाकायची, आणि हाडाला हाड जोडून हात कायमचा एकाच जागी जखडायचा. दुखणं थांबेल. मनगट, बोटं चालतील, खांदा चालेल, पंजा थोडाफार उताणा-पालथा होईल.

"नवा सांधा नाही बसवता येणार?" मी विचारलं.

"जंतू होऊन गेलेत, मॅडम. त्यात हे अंगमेहनतीचं काम करणारे. तो टिकणार नाही."

त्यांनी एक पट्टा दिला. त्याला खीळ होती. हव्या त्या कोनात हात अडकवून ठेवता यायचा. घरी वापरून बघा आणि मग सांगा, म्हणाले.

पहिल्यांदा आम्ही हात चांगला वळवून अडकवला. घास तोंडापर्यंत पोचला. किती दिवसांनी ते उजव्या हातानं जेवत होते. मिशीवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. मला बरं वाटलं. पण तो हात खाली काही केल्या जाईना. पायजम्याची नाडी लांब राहिली, गाडीचा हँडल लांब राहिला. ते ओट्यापाशी उभे राहिले आणि समोर मशीन असल्यासारखा हात पुढं केला. पंजा छातीपाशीच हवेत राहिला.

"खीळ काढ," ते म्हणाले.

मग हात उघडा करून अडकवला. आता ते ओट्याच्या कडेला पंजा ठेवून मशीनचं चाक फिरवल्यासारखं करू लागले. खांद्यातून सगळा हात हलत होता.

"जमतंय," ते म्हणाले. "हितं पोचतोय. हाच कोन सांगू."

"अहो, पण जेवायचं कसं?"

"डावा हाय की."

"जन्मभर डाव्या हातानं जेवणार तुम्ही? चार माणसांत पंगतीला बसल्यावर?"

"न्हाई बसायचो पंगतीला. कामच न्हाई राहिलं तर उजव्या हातानं तरी काय खाऊ?"

माझ्या पगारात घर चालेल, हे मी आधी एकदा बोलून पाहिलं होतं. त्यांना ते लागलं होतं. सुपरवायझर फोनवर म्हणाला होता, "बरा होऊन ये, बघू आपण." तेवढ्या शब्दावर त्यांनी कोन ठरवला.

ऑपरेशन चांगलं झालं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपराच्या जागी सपाट, गुळगुळीत काहीतरी होतं, कोपऱ्याविना. दुखत नव्हतं. ते स्वतः एसटीनं वर्कशॉपला गेले. सुपरवायझर भला माणूस, त्यानं लेथवर उभं केलं. त्यांनी चाक फिरवलं, जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लावून दाखवला. कामात खोट नव्हती.

सेफ्टीवाला साहेब बाजूला उभा होता. त्यानं विचारलं, "आता असं समजा, बाही मशीनमध्ये अडकतीय. झटक्यात हात मागं घ्या."

त्यांनी हात मागं घ्यायचा प्रयत्न केला. कोपर वळलं असतं तर पंजा क्षणात पोटाशी आला असता. हात तसाच पुढं राहिला. मागं आलं ते सगळं अंग, खांदा, कंबर, पाय. आणि तेही उशिरा.

"मामा, सॉरी," साहेब म्हणाला. "तुमच्याच जिवाला धोका हाय."

हे सगळं त्यांनी घरी येऊन मला एका दमात सांगितलं, आणि मग म्हणाले, "त्याचं चुकलं न्हाई. मीबी त्याच्या जागी असतो तर न्हाई म्हनलो असतो."

मी डॉक्टरांना फोन केला. आता कोन बदलता येईल का, निदान जेवता येईल असा? पुन्हा हाड कापायचं, पुन्हा जंतूंची भीती, हात गमावायची वेळ येऊ शकते, म्हणाले. मी फोन ठेवला तेव्हा ते दारातच उभे होते.

आता ते डाव्या हातानं जेवतात. डाळभात अंगावर सांडतो. भाकरी मीच मोडून ठेवते. कासुर्डीला भाचीच्या लग्नात आहेर देऊन जेवणाआधीच निघून आले.

यंदा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. कोपराचं कामही इतके दिवस खांदाच करतोय, तो झिजत चाललाय, म्हणाले.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"जेवढा कमी वापरता येईल तेवढा वापरा."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. उजवा हात त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर टेकवला होता. केडगावच्या आधी त्यांनी डाव्या हातानं तो उचलला, मांडीवर आणून ठेवला, आणि तसेच बाहेर बघत राहिले.