तीन वाट्या मैदा

केकची कृती ग्रॅममध्ये होती आणि आमच्या घरी वजनकाटा नव्हता. बायकोने मोबाइलवरून उतरवून घेतलेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि मैद्याच्या वाट्या किती ते काढून मागितलं. साखर आणि लोणी ती तोलून आणणार होती, मैदा मात्र घरच्या डब्यातला होता.

तिची ही पहिली ऑर्डर. तुमसरातल्या एका शाळेत महिन्यातल्या सगळ्या मुलांचे वाढदिवस शेवटच्या शनिवारी एकत्र साजरे करतात. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, हा केक आवडला तर दर महिन्याचा तुमच्याकडेच. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

मी वाटी आणि मैदा घेऊन किराणा दुकानात गेलो. वाटी भरली, सुरीने वरचा मैदा सपाट काढला आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर तीनदा तोलली. एकशे दहा, एकशे नऊ, एकशे अकरा. कृतीत तीनशे तीस ग्रॅम होता, म्हणजे तीन वाट्या बरोबर. कागदावर मी लिहिलं, 'मैदा ३ वाटी'. 'सपाट' हा शब्द लिहिला नाही. विसरलो नव्हतो.

तिचं माहेर मोहाडीकडचं, धानाचं घर. तिथे पायली असो की वाटी, काठाच्या वर शीग, म्हणजे उंच रास, चढवल्याशिवाय माप भरलं असं कोणी मानत नाही. मजुराला सपाट पायली दिली तर गावभर नाव निघतं. त्याआधीच्या महिन्यात माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो असताना मी भात वाढत होतो, तेव्हा बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "यायच्या हाताले शीगच नाही. पोटभर वाढतील, पन मोजून." भाचे हसले, मेहुणेही हसले. मीही हसलो होतो.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभा होतो. तिने वाटी डब्यात खुपसली, ओट्यावर दोनदा आपटली, वर पुन्हा शीग चढवली. अशा तीन वाट्या. हाताने जरा जास्तच घातली, शाळेतल्या लेकरांचं काम म्हणून. नंतर मी दुकानात तशीच वाटी भरून तोलून पाहिली, एकशे बावन्न भरली. तीन वाट्यांत एकशे सव्वीस ग्रॅम जास्त. तेव्हा आकडा माहीत नव्हता, पण केक बसणार हे माहीत होतं. मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

दुपारी शाळेचा शिपाई केक परत घेऊन आला. एका कोपऱ्यात चाकूची खूण होती, तेवढीच. तो बिचारा खाली बघत म्हणाला, बाईंनी विचारलंय, केक सांगितला होता, पाटा कायले पाठवला?

ती बराच वेळ कागद पाहत बसली. मग मला म्हणाली, "अजी, मी मैदा भरत होती तवा तुमी दारातच होते ना?"

"होतो."

"मी माप चुकून राहिली होती, हे दिसलं तुमाले?"

"दिसलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं नाही."

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो केक विळीवर चिरला आणि चहासोबत माझ्यापुढे ठेवला. "किती ग्रॅम देऊ?" चार दिवस तोच. दुधात बुडवूनही तो दाताखाली वाळल्या भाकरीसारखा लागत होता. मी खाल्ला.

पाचव्या दिवशी मी सगळी मापं नव्याने लिहून दिली, या वेळी 'सपाट' शब्दाखाली रेघ ओढून. तिने ती शेजारणीला दिली, सोबत ओव्हनही. आता शाळेचा केक शेजारीण करते. शेवटच्या शनिवारी त्यातला एक तुकडा ती आमच्याकडे पाठवते. बायको तो बशीत घालून माझ्यापुढे ठेवते आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहते.