गोराईची काठी आणि निळं दार

ऑफिसातल्या सुलभाने शुक्रवारी संध्याकाळी, टेबल आवरता आवरता, टांग दिली. "अगं, सासूबाईंच्या बहिणी येतायत उद्या. तू जाऊन ये ना." जाऊन ये ना म्हणे. गोराईचा बेत दिवाळीपासून आम्ही दोघींनी मिळून शिजवला होता आणि हिने ऐन वेळी ताटावरून उठावं तसं केलं. आईला जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. आठवडाभर ऑफिस होतं, पण शनिवार-रविवार घर खायला उठायचं. थोडा वेळ फणफणले आणि मग ठरवलं, एकटी तर एकटी.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. बोरिवलीतली चौतीस वर्षांची, बिनलग्नाची कारकून बाई एकटी फिरायला निघाली की लोकांचे चेहरे कसे व्हायचे, ते आजच्या सोलो ट्रिपवाल्या मुलींना सांगून पटणार नाही. बसच्या कंडक्टरने मी तिकीट मागितल्यावर माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "एकच?" मी म्हटलं, "का, एकीला देत नाही का?" त्याने मुकाट्याने फाडून दिलं.

जाणाऱ्यांसाठी तेव्हाची वाट सांगून ठेवते. बोरिवली पश्चिमेला स्टेशनबाहेरून खाडीपर्यंत बस. शेवटचा पट्टा दोन्ही बाजूंनी तिवरांचा, चिखलात मुळं रोवून उभी असलेली ती बुटकी झाडं. जेट्टीवरून होडी, भाडं अगदी चिल्लर. ओहोटी असेल तर चपला हातात घ्यायच्या आणि फळीवरून चालायचं. नाही घेतल्या तर एक चप्पल खाडीला वाहावी लागते, माझी वाहिली. पलीकडे उतरलं की टांगे. टांगेवाला घोड्याला थोपवून बसून राहिला.

"चला की," मी म्हटलं.

"बाकीची मंडळी?"

"मीच मंडळी."

नाताळ आठवड्यावर आला होता. समुद्राकडच्या खोल्या भरलेल्या होत्या. जिथे एखादी रिकामी होती, तिथला मालक एकट्या बाईला बघून "फॅमिलीला देतो" म्हणायचा. टांगेवाल्यालाच शेवटी दया आली. त्याने मला गावातल्या एका आळीत नेलं आणि हाक मारली, "ऊर्सूबाय, पाहुनी आनलीय!"

ऊर्सूबाई पन्नाशी ओलांडलेली विधवा. लुगडं खोचलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, कपाळाला आठी. तिने माझ्याकडे, माझ्या पिशवीकडे आणि एका पायातल्या चपलेकडे बघितलं. आता ही पण विचारणार, म्हणून मी मनात उत्तर तयार ठेवलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "खाट एकच हाय."

त्या एका वाक्यासाठी मी तिला तेव्हाच सगळं माफ करून टाकलं.

खाट तिच्या घरात नव्हती. शेजारच्या, निळ्या दाराच्या घरात होती. ते घर तिच्या मुलीचं, फिलोमिनाचं. नवऱ्याबरोबर कुवेतला गेली होती आणि तेव्हापासून दाराला कुलूप. कुलूप इतकं गंजलं होतं की त्यात खोबरेल सोडावं लागलं. आत धूळ, एक खाट, भिंतीवर लग्नाचा फोटो. ऊर्सूबाईने खाट झटकली, फोटो पदराने पुसला आणि बाहेर गेली. ते घर माझ्या ओळखीचं वाटलं. माणूस गेल्यावर वस्तू जिथल्या तिथे राहतात, ते मी घरी रोजच बघत होते.

जेवण मात्र झकास. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, त्यात त्यांचा तो बाटलीत भरून ठेवलेला लाल मसाला. आम्हा मालवणी माणसांना दुसऱ्याचं मासळीचं कालवण सहसा आवडत नाही, पण मी वाटी पुसून खाल्ली.

दुपारी ऊर्सूबाईने दाराशी टेकवलेली एक काठी उचलली. जुनी, हाताने गुळगुळीत झालेली, वरच्या टोकाला तांब्याची कडी. "बांधावर जाते. येते?"

गावामागे खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध आहे. आत पूर्वी भातशेती होती. मागे एकदा बांध फुटला, खारं पाणी शिरलं आणि जमीन भाताला निकामी झाली. ती पडून आहे म्हटल्यावर रस्त्यालगतच्या जागा घेणाऱ्या एका माणसाचा तिच्यावर डोळा गेला. भराव टाकायचा, प्लॉट पाडायचे. आळीतल्या माणसांनी बसून ठरवलं की द्यायची नाही. भात होत नाही ना, मग बांधातल्या लाकडी दारातून, उघाडीतून, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि तिवरं परत येऊ द्यायची.

"तिवरां आली का खेकडं येतील, कोलंबी येईल. बांधाला पन जोर येईल," ऊर्सूबाई म्हणाली. चिखलात ठिकठिकाणी वीत-वीतभर रोपं उभी होती, दोन-दोन पानांची. "पन पानी मिलाया पायजे. तो मानूस काय करते, उधाणाच्या दिवशी उघाडीत फळ्या टाकून जाते. आत पानी नाय आला का रोपां सुकली. जमीन सुकली का डंपर आला."

म्हणून ही काठी. काठी ज्याच्या दारी, त्याची बारी. भरतीच्या वेळी त्या घरातल्या माणसाने बांधावर जायचं, फळ्या असतील तर काढायच्या, पाणी आत गेलेलं डोळ्यांनी बघायचं. मग काठी पुढच्या दाराला लावायची.

"म्हणजे उद्या काठी पुढच्या घरी?"

तिने काठी बांधावर टेकवली. मग म्हणाली, "माझ्यानंतरचा घर फिलूचा. बंद हाय. ईस्टरपासून काठी माझेच दारी."

मला कळेना. "मग ते घर सोडून पुढच्याला द्यायची."

"घर ओलांडाचा नाय," ती एकदम तापली. "ओलांडला तं तो घर गावातून गेला. पुढं त्याला बांधावर हक्क नाय, खाडीत नाय. मी माझे पोरीला ओलांडू?"

"मग तिची बारी तुम्हीच करा आणि द्या पुढे."

"एका अंगानं दोन घरां नाय राखाची."

असे नियम. मी ऑफिसात सरकारी नियम बघितले होते, पण हे त्यांच्यावर ताण. पुढची घरं आरामात होती. ऊर्सू जाते ना, मग झालं. आणि ही बाई ईस्टरपासून एकटी, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, बांधावर जात होती. मुलीने परत यावं म्हणून तिचं घर गावात राखत होती. "चिठ्ठी येते का फिलोमिनाची?" मी विचारलं. "येते की," ती म्हणाली. "तिथंच घर बघतान म्हने." आणि पुढे चालू लागली.

रात्री मी त्या एकुलत्या खाटेवर पडले आणि मला आईची आठवण आली. खूप आली.

सकाळी चहाच्या आशेने निळं दार उघडलं आणि काहीतरी पायावर आदळलं. काठी. माझ्या दाराला टेकवलेली.

मी तशीच ऊर्सूबाईकडे गेले. ती देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चला, जायला निघाली होती, डोक्याला जास्वंदीचं फूल. "अहो, ही इकडे कशी?"

"तू तिथं झोपली ना," तिने चपलेत पाय सारला. "म्हंजे आज तो घर बंद नाय. घरचा पाहुना घरचाच. दुपारी उधाण हाय. जाशील?"

"तुम्ही चला बरोबर. मला काय येतंय?"

"मी आली तं बारी माझीच होईल."

दुपारी गाव मिस्सा, चर्चमधली रविवारची प्रार्थना, आटोपून जेवायला बसलं होतं. मी एकटी बांधावर, ऊर्सूबाईच्या जुन्या चपला घालून, हातात काठी. पौर्णिमेचं उधाण बांधाला लागलं होतं. उघाडीशी पोहोचले तर फळ्या टाकलेल्या. बाहेर खाडी भरलेली आणि आत सुकायला लागलेला चिखल. साडी खोचली आणि वाकून पहिली फळी ओढायला लागले. जन्मात फायलींखेरीज काही ओढलं नव्हतं, फळी हलायला तयार नाही.

मागे स्कूटर थांबली. स्वच्छ सफारी घातलेला एक माणूस. "ओ मॅडम, काय चाललंय? कोण तुम्ही?"

काठी उचलून हातात धरली. "आज आमच्या घराची बारी आहे."

"कुठलं घर?"

"निळ्या दाराचं. ऊर्सूबाईंच्या शेजारचं."

"ते तर बंद आहे. लोक फॉरेनला गेले त्यांचे."

"बंद होतं," मी म्हटलं. "काल उघडलं. आता तिथे माणूस आहे."

त्याने काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय समजला कोण जाणे. बहुतेक फिलोमिनाची कोणी वकील-बिकील नणंद समजला असेल. "बघून घेऊ," असं पुटपुटला आणि स्कूटर वळवून गेला. मी काठीचं टोक फळीखाली घालून जोर लावला. फळी सुटली, मग दुसरी, आणि पाणी खळाळत आत गेलं. चिखलावरून पसरत पसरत त्या दोन-दोन पानांच्या रोपांपर्यंत पोहोचलं. मी बांधावर फतकल मारून बसले आणि रडले. आई गेल्यावर लोकांसमोर रडले होते, ते वेगळं. इथे बघायला फक्त बगळे होते.

परत आले तेव्हा ऊर्सूबाई ओट्यावर बसली होती. "पानी गेला?"

"गेलं."

"मग काठी हातात कशाला? लाव पुढच्या दारी."

पुढचं घर आग्नेलचं. मी काठी टेकवली आणि कडी वाजवली. आग्नेलची बायको हात धुवत बाहेर आली. "आमचे दारी? ऊर्सू जाते ना."

"ऊर्सूबाईंची बारी झाली. निळ्या दाराची पण झाली. आता तुमची."

आतून आग्नेलने विचारलं, कोण आहे. तो बनियनवरच बाहेर आला, काठी बघितली, मान खाली घातली आणि ती उचलून आत घेऊन गेला. मी वळून बघितलं, तर ऊर्सूबाई पदर डोळ्याला लावून ओट्यावरून उठत होती.

संध्याकाळच्या होडीने परत निघाले. निळ्या दाराला तिने पुन्हा कुलूप घातलं. निरोप-बिरोप देणं तिला जमत नव्हतं. "चपला राहू दे पायात," एवढंच म्हणाली.

घरी कुलूप मीच लावलेलं, मीच काढलं. गोराईत काय बघितलं, असं सुलभाने सोमवारी विचारलं तेव्हा मी समुद्र सांगितला, टांगा सांगितला, कालवण सांगितलं. काठीचं सांगायला गेले आणि थांबले. काय सांगणार होते? कुणाच्यातरी बंद घराचं मी एक दिवस माणूस झाले, त्याचं इतकं काय. पण रात्री कुलपात चावी फिरवताना रोज तेच आठवायचं.

नाताळ गेला, संक्रांत गेली. एका शनिवारी बोरिवलीच्या बाजारात भाजी घेत होते. गोराईहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया पुलाखाली बसायच्या. त्यातल्या एकीने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"या ऊर्सूच्या चपला ना? निळ्या दाराची बाय तूच का?"

आमच्या बिल्डिंगमध्ये दारावर अजून आईचंच नाव होतं.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"काठी गावभर फिरून आलीय. आज ऊर्सूच्या दारी हाय, उद्या तुझी बारी. खाट झटकून ठेवलीय, ये म्हनते."

मी पिशवी खाली ठेवली. "भरती कितीला आहे गं उद्या?"